गोदूअक्कांची पहिली वाटी

भांडण मिटवायचं तर दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यावं, असं शहाणी माणसं सांगतात. गोदूबाईंनी चाळीस वर्षं दोन्ही बाजूंचं ऐकलं, आणि एकीचं बोलणं दुसरीला एकदाही जसंच्या तसं सांगितलं नाही. त्यांच्या हातून भांडणं मिटत ती त्यामुळेच.

बसवनगुडीत देवळामागच्या आडव्या रस्त्यावर मराठी घरं पंधरा-वीस. कुणाचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर आलेले, कुणी परवा-परवा बेळगावकडून नोकरीसाठी उतरलेले. घरात मराठी, दारात कन्नड आणि भांडताना दोन्ही. या सगळ्यांची गोदूअक्का मात्र एकच. सतराव्या वर्षी नवरा गेला तेव्हापासून त्यांच्या अंगावर आलवण होतं. दिराच्या घरामागे दोन खोल्या होत्या, तिथे राहायचं आणि घरोघरी मेतकूट, लोणची, सांडगे करून द्यायचे. विधवा म्हणून मंगलकार्याला पुढच्या दाराने त्यांना कुणी बोलावत नसे, पण मागच्या दाराने कुठल्याही स्वयंपाकघरात त्यांना मोकळीक होती. भांडणं बहुतेक तिथेच शिजतात. माणसांनी त्यांना मागच्या दारी बसवलं आणि मग घरातली सगळी गुपितं त्यांच्याच पदरात टाकली, याचं नवल माझ्याखेरीज कुणाला वाटलेलं दिसत नाही.

त्यांची कामाची रीत साधी होती. शेजारघरची वाटी आपण रिकामी परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतोच. गोदूबाईंचा सगळा कारभार या एका रिवाजावर चाले. दोन घरांत अबोला धरला गेला की त्या चार दिवस गप्प बसत. पाचव्या दिवशी आपल्याच डब्यातलं मेतकूट वाटीत भरत, वर फडकं बांधत आणि एका घरी नेऊन ठेवत. "तिनं पाठवलंय बघ. तोंडानं बोलवत नाही बिचारीला." त्या घरची बाई आधी फणकारायची, मग स्वल्प निवायची आणि वाटीत काहीतरी घालून परत द्यायची. ती वाटी घेऊन गोदूबाई दुसऱ्या घरी. तिकडून पुन्हा इकडे. म्हणजे पहिली वाटी खोटी, पुढच्या सगळ्या खऱ्या. घरोघरच्या भांड्यांवर नावं घातलेली असतात, म्हणून गोदूबाईंनी या कामासाठी बिननावाची एक काशाची वाटी वेगळी ठेवली होती.

उदाहरण द्यायचं तर नरसिंहरावांच्या शेवग्याचं. त्याची फांदी शेजारच्या कल्लाप्पांच्या आवारात गेली, आणि शेंगा कुणाच्या यावरून दोन मोठी माणसं दोन महिने एकमेकांकडे पाठ करून पेपर वाचत बसली. गोदूबाई कल्लाप्पांच्या भागुबाईकडे शेंगांची आमटी घेऊन गेल्या, "नरसिंहअण्णांकडून" म्हणून. भागुबाईने वाटीत शेंगदाण्याची चटणी घालून दिली. ती चटणी नरसिंहरावांना अशी काही लागली की त्यांनी स्वतः होऊन फांदी तोडायची तयारी दाखवली. मग कल्लाप्पाच म्हणाले, "नको की हो, सावली पडतीय चांगली."

सगळे खूश. यात एक नुकसान होत होतं, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्या रस्त्यावर समोर उभं राहून "माझं चुकलं" म्हणायला कुणी शिकलंच नाही. ते काम गोदूअक्कांचं, अशी सगळ्यांची समजूत होऊन बसली होती.

अहल्या ही गोदूबाईंच्या मेलेल्या बहिणीची मुलगी. तीन वर्षांची असताना मांडीवर आली ती मांडीवरच वाढली. पावसाळ्याच्या दुपारी हट्ट धरला की गोदूबाई पत्र्याच्या पेटीतून आपली लग्नातली नथ काढून तिला दाखवत. सात मोती, मधे लाल खडा. चिकपेठेतल्या एकाच सोनाराने त्या काळी सगळ्या मराठी घरांना तसल्याच नथी करून दिल्या होत्या. "मला देशील?" अहल्या विचारायची. "देईन की," गोदूबाई म्हणायच्या.

दिली, पण वेगळ्या रीतीने. एकोणीसशे त्रेपन्न साली अहल्येचं लग्न चार घरं पलीकडच्या पद्मावतीबाईंच्या धाकट्या मुलाशी, बिंदुमाधवशी ठरलं, तेव्हा गोदूबाईंनी ती नथ मोडून मंगळसूत्राचं डोरलं करून घेतलं. विधवेच्या नथीचं सोनं नवरीच्या गळ्यात! कळलं असतं तर लग्नच मोडलं असतं. म्हणून ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही, अहल्येलाही नाही.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी पद्मावतीबाईंची नथ हरवली. घर धुंडाळलं, देव्हारा उपसला, चूल झाली, न्हाणी झाली. शेवटी नजर येऊन थांबली ती धाकट्या सुनेवर, कारण थोरलीच्या माहेरी पैसा होता आणि धाकटीला माहेर म्हणजे मेतकूट विकणारी मावशी. बिंदुमाधव काही बोलला नाही. तो कधीच काही बोलत नसे, आणि लोक त्याला सज्जन म्हणत. अहल्या एक पिशवी घेऊन मावशीकडे निघून आली.

"मी जाते परत," ती म्हणाली. "सासूबाईंनी एकदा म्हणावं, हिनं नथ घेतली नाही. चारचौघांत नको. मला एकटीला म्हणाल्या तरी सरी, तेवढं पुरे."

पद्मावतीबाईंचंही मागणं एवढंच होतं. "कबूल करू दे तिनं. मी पदरात घेते, पुन्हा विषय काढत नाही. पण गोदूअक्का, कबूल करायला हवं."

गोदूबाई तीन आठवडे वाट्या वाहत राहिल्या. मेतकूट गेलं, कडबू आले, चिरोटे गेले. वाट्या भरून येत होत्या, पण जे एक वाक्य हवं ते कुठूनच येत नव्हतं. त्यांची स्वतःची तसलीच नथ घरात असती तर त्यांनी खुशाल ती पद्मावतीबाईंच्या देव्हाऱ्यामागे टाकून दिली असती आणि सापडली म्हणून ओरडल्या असत्या. पण तिचं डोरलं झालेलं. अशात बिंदुमाधवची धारवाडला बदली होणार असं कानावर आलं. तो गेला की हे दार कायमचं बंद, हे त्यांना कळत होतं. स्वतःचं वय साठीला टेकलेलं. आपल्यामागे या पोरीने कुणाच्या मागच्या दाराला उभं राहायचं? आपला जन्म तिच्या वाट्याला येऊ द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं.

एका सकाळी त्या पद्मावतीबाईंच्या स्वयंपाकघरात बसल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "विहीणबाई, केलं तिनं कबूल. चूक झाली म्हणाली, पदरात घ्या म्हणाली. लाजेनं समोर येऊन बोलणार नाही. तुम्हीही विषय काढू नका."

आणि तासाभराने घरी येऊन अहल्येला म्हणाल्या, "त्या रडल्या ग. पोरीनं घेतली नाही, माझंच चुकलं म्हणाल्या. मोठ्या आहेत, समोर बोलायला लावू नकोस. तूही विषय काढू नकोस."

अहल्येने मावशीच्या गळ्यात हात टाकले. त्याच संध्याकाळी ती सासरी गेली. बदलीचं बारगळलं. गोदूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि वाटी घासून फळीवर पालथी घातली.

पुढची चार वर्षं त्या घरात जे चाललं त्याला काय म्हणावं, मला कळत नाही. सासूने चूक मान्य केली, या कृतज्ञतेपोटी अहल्या तिचे पाय चेपायची, तिच्या आवडीचं करून घालायची. चोरी केली तरी मान खाली घालून राहते, म्हणून सासू तिच्याशी बऱ्यापैकी वागायची. फक्त कपाटाच्या किल्ल्या कमरेवरून सुटत नसत. सोनार आला की अहल्येला गच्चीवर पापड बघायला पाठवलं जाई. अहल्येला ते खुपायचं, पण तिने विषय काढायचा नाही असं वचन दिलं होतं. सासूनेही तेच वचन दिलं होतं. दोघींनी वचन पाळलं. गोदूबाई हे दुरून पाहत आणि धन्य होत.

एकोणीसशे साठ साली थोरल्याच्या मुलाची मुंज निघाली. घर पाहुण्यांनी भरलेलं. दागिन्यांचा डबा कुणाच्या ताब्यात द्यायचा, असा प्रश्न आला. अहल्या सहज हात पुढे करून म्हणाली, "द्या, मी बसते घेऊन." थोरली जाऊ पटकन बोलून गेली, "तुझ्याकडं नको. तूच कबूल केलंयस ते."

"काय कबूल केलंय?"

घरात रस्त्यावरच्या आठ-दहा बायका बसल्या होत्या. पद्मावतीबाईंना विषय काढायचा नव्हता, पण आता तो निघालाच होता. त्या म्हणाल्या, "गोदूअक्कांनीच सांगितलं ते. तू चूक झाली म्हणालीस म्हणून."

अहल्या मावशीच्या खोलीत आली तेव्हा गोदूबाई डाळी भाजत होत्या. अहल्या उंबऱ्याच्या आत आली नाही.

"मावशी, माझ्या नावानं तू काय कबूल केलंस?"

गोदूबाईंच्या हातातलं उलथणं थांबलं. "बाळ, घर वाचायला हवं होतं..."

"आणि त्या रडल्या म्हणालीस ते?"

डाळ करपत होती.

"चार वर्षं मी त्या घरात चोर होते," अहल्या म्हणाली, "आणि सगळ्यांना माहीत होतं. मलाच माहीत नव्हतं." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलली, आणि गेली.

गोदूबाई धावत पद्मावतीबाईंकडे गेल्या. सगळ्यांसमोर, आयुष्यात पहिल्यांदाच पुढच्या दारातून आत शिरून, त्यांनी सांगितलं की पोरीने काही कबूल केलं नव्हतं, ते माझं बोलणं. पद्मावतीबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आता भाचीला सोडवायला हे सांगताय होय?" तिथेच ते संपलं.

अहल्या मल्लेश्वरमला एक खोली घेऊन राहिली आणि मुलींच्या एका शाळेत शिवण शिकवू लागली. बिंदुमाधव बदली मागून धारवाडला गेला. जाताना तो अहल्येला भेटला नाही, कुणालाच काही बोलला नाही. रस्त्यावर मात्र बोलणं पुष्कळ झालं. नरसिंहरावांनी बायकोला विचारलं, "त्या वेळी आमटी आपण पाठवली होती का?" पाठवली नव्हती. कल्लाप्पांनी आवाराची भिंत हातभर चढवली आणि वर काचा बसवल्या. एकेका घराला आपापली जुनी वाटी आठवू लागली. ज्या जावांनी दहा वर्षांपूर्वी एकमेकींच्या गळ्यात पडून रडून घेतलं होतं, त्यांना आपल्याला फसवून रडवलं गेलं असं वाटायला लागलं. पुढच्या सगळ्या वाट्या खऱ्या होत्या, चटणी खरी होती, रडणंही खरं होतं. पण ते कुणी लक्षात घेतलं नाही, आणि कुणी घ्यावं असं म्हणायला गोदूबाईंना तोंड उरलं नाही. मेतकूट मात्र लोक नेत राहिले. तसं मेतकूट दुसरीकडे मिळत नव्हतं.

अशी सहा वर्षं गेली. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी देवळासमोर भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते, त्या दिवशी दुपारी पद्मावतीबाईंची मोलकरीण निरोप घेऊन आली. एकट्या या, मागच्या दाराने या.

पद्मावतीबाईंना चार महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. वाचा गेली असं लोक म्हणत. गेली नव्हती, जड झाली होती, कान देऊन ऐकलं की कळत असे. घरचे सगळे जत्रेला गेले होते. त्यांनी डावा हात उशीखाली घातला आणि मूठ उघडली. तळहातावर नथ होती. सात मोती, मधे लाल खडा.

नातीला द्यायचा म्हणून त्यांनी आपला लग्नातला शालू पेटीतून काढायला लावला होता, आणि एकट्याच त्याच्यावरून हात फिरवत पडल्या होत्या. पदराच्या टोकाला गाठ लागली. दहा वर्षांपूर्वी कोलारच्या एका लग्नात नाक सुजलं म्हणून त्यांनीच नथ काढून गाठीत बांधली होती. नंतर शालू घडी होऊन पेटीत गेला, आणि गाठ डोक्यातून गेली.

"तिला सांगा," पद्मावतीबाई म्हणाल्या. एकेक शब्द ओढून काढत होत्या. "तिनं घेतली नाही. माझं चुकलं. म्हणावं, एकदा येऊन जा."

"विश्वेश्वरला पाठवा की," गोदूबाई म्हणाल्या. विश्वेश्वर त्यांचा थोरला मुलगा. "माझं कोण ऐकतंय?"

पद्मावतीबाईंनी डोळे मिटले. "नको. पोरांना कळायला नको. सुनेला तर नकोच. तुम्हीच जा." मरणाच्या दारात पडलेल्या बाईलाही माफी मागायची होती ती मागच्या दाराने आणि दुसऱ्याच्या तोंडाने. पण हसणार कुणाला? ही सवय तिला गोदूबाईंनीच लावली होती.

गोदूबाई घरी जाऊन ती बिननावाची वाटी घेऊन आल्या. पद्मावतीबाईंनी डाव्या हाताने उशाच्या डब्यातली साखर तिच्यात घातली, अर्धी अंथरुणावर सांडली, आणि साखरेवर नथ ठेवली. चाळीस वर्षांतली ही पहिली खरी पहिली वाटी. गोदूबाईंना रडू आलं. सत्तरीच्या घरात मॅजेस्टिकच्या बसस्थानकावर बस बदलून त्या मल्लेश्वरमला गेल्या, पदराखाली वाटी दोन्ही हातांनी धरून. आज सगळं नीट होणार, असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि मला तेच सांगताना सगळ्यात वाईट वाटतं.

अहल्येने दार उघडलं. केस कानाशी पांढरे झाले होते. "ये," म्हणाली, पाणी दिलं. गोदूबाईंनी फडकं सोडलं आणि सगळं सांगितलं, गाठ, शालू, एकेक शब्द. यात एकही शब्द त्यांचा स्वतःचा नव्हता.

अहल्या वाटीकडे पाहत होती. "वाटी तीच," ती म्हणाली. "आणि नथही ओळखीची आहे. लहानपणी किती वेळा दाखवलीस मला."

गोदूबाईंना क्षणभर काही कळलंच नाही. मग कळलं. "नाही ग! ही माझी नव्हे. माझी राहिली कुठं? ती मोडून तुझं डोरलं केलं मी. तुझ्या गळ्यात आहे ती."

अहल्येचा हात गळ्याकडे गेला. डोरलं अजून होतं तिथे. ती थोडी हसली. "विधवेची नथ मंगळसूत्रात? मावशी, आता हेही?"

"देवाशपथ सांगते."

"त्या तर बोलत नाहीत म्हणे. वाचा गेलीय."

"बोलतात. कान देऊन ऐकावं लागतं. तू चल माझ्याबरोबर, आत्ता चल, बघ तुझ्या कानांनी."

"मागच्या वेळीही अशीच चल म्हणाली होतीस," अहल्या म्हणाली. "आणि मी आले होते."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला त्यांची दया येत होती. म्हातारी मावशी मरायच्या आधी आपली शेवटची चीज देऊन एक मोडलेलं घर सांधू बघतेय, असं तिला वाटत होतं. तिने वाटीवर फडकं पुन्हा बांधलं, साखर तशीच, नथ तशीच, आणि ती मावशीच्या हातात दिली. "ठेव जपून. तुझी तुझ्याकडं असू दे." बसस्टॉपपर्यंत सोडायला आली, हाताला धरून बसमध्येही चढवलं. रिकामी वाटी चाळीस वर्षांत दोन-तीनदा परत आली होती. भरलेली वाटी भरलेलीच परत कुणी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी घर रिकामं होण्याची वाट पाहून गोदूबाई मागच्या दाराने आत गेल्या. वाक्य जिभेवर तयार होतं. 'माफ केलं म्हणाली, पाया पडते म्हणून सांग म्हणाली.' साखर वाटेत गाईला घातली असती, नथ पदरात लपवली असती, तर पद्मावतीबाई सुखाने मेल्या असत्या. गोदूबाईंना ते अगदी सहज जमलं असतं. अहल्येच्या नावाने पुन्हा एक शब्दही बोलायचा नाही, एवढ्यासाठीच त्यांनी दात आवळून धरले. वाटी अंथरुणावर ठेवली आणि फडकं सोडलं.

"नाही येणार ती, विहीणबाई. विश्वास नाही बसला तिचा."

पद्मावतीबाईंनी साखरेकडे पाहिलं, नथीकडे पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्याची चांगली बाजू रडायला लागली.

"तुम्ही गेलाच नाहीत," त्या म्हणाल्या.

"गेले होते हो. काल गेले होते."

"गेला असतात तर तिनं नथ ठेवून घेतली असती. असं वाटीसकट कोण परत पाठवतंय?" त्यांनी डाव्या हाताने गोदूबाईंचं मनगट धरलं. "दहा वर्षं झाली. मी आता जाते. गोदूअक्का, आज तरी खरं सांगा."

गोदूबाई सांगत राहिल्या. तेच, पुन्हा पहिल्यापासून, बस, खोली, पाणी, गळ्याशी गेलेला हात. पद्मावतीबाईंनी मनगट सोडलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. बाहेर थोरली सून आल्याची चाहूल लागली, तेव्हा गोदूबाईंनी नथ उशीखाली सरकवली, वाटी उचलली आणि मागच्या दाराने बाहेर पडल्या.